टाचेखालचं भोक

रंगूला पाण्याची भीती वाटायची. थोडीथोडकी नाही. होडीत पाय ठेवला की हाताला जे लाकूड सापडेल ते ती असं धरायची की किनारा लागेपर्यंत बोटं सुटायची नाहीत. सासरी, खाडीकाठच्या दिघीत, तिला भित्री म्हणणारे पुष्कळ होते. म्हणू देत. ज्या पोरीनं जन्मात गुडघ्याच्या वर पाणी बघितलं नाही, तिला उचलून भर खाडीत नेऊन बसवलं तर ती काय गाणी म्हणेल?

ती रोह्याकडच्या डोंगरातली. बाप येसाजी भात पिकवायचा. त्याला मुलगा नव्हता, म्हणून चिखलणी, लावणी, बांधबंदिस्ती सगळं रंगूच्याच अंगावर. बांधाचं तोंड कधी उघडायचं, कधी पेंढा कोंबून चिखलानं बुजवायचं, वर टाच मारून कसं घट्ट करायचं, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. शेतात हात हवा म्हणून बापानं तिचं लग्नही लांबवलं. अठरा पुरी झाली तेव्हा कुठे, एकोणीसशे एकतीसच्या वैशाखात, दिघीच्या मोरूशी तिची गाठ पडली. नात्यातलंच स्थळ. मोरूचा बाप मूळचा त्याच डोंगरातला. तरण्या वयात शेत सोडून खाडीवर आला आणि होडी धरून बसला. तो वारल्यावर होडी मोरूकडे आली.

लग्न लागलं आणि वरात आगरदांड्याहून होडीनं दिघीला निघाली. कपाळाला मुंडावळ्या, हातात हिरवा चुडा, आणि खाडीच्या मध्यावर नवरी नवऱ्याच्या मांडीवर भडभडून ओकली. वऱ्हाडी हसून हसून लोळायचे बाकी राहिले. मोरू हसला नाही. त्यानं ओंजळीनं पाणी घेऊन धोतर धुतलं आणि बायकोशी जन्मातलं पहिलं वाक्य बोलला.

"आमची आई पन पहिल्यांदा अशीच वकली व्हती."

रंगूला तो माणूस तिथेच आवडला. होडी मात्र आवडली नाही.

पावसाळ्याचे चार महिने बरे गेले. होडी वाळूवर ओढून माडाच्या झापांखाली ठेवलेली. झापांतून पाऊस गळायचा, होडीत पाणी साचायचं, मग मोरू जाऊन तळाचं बूच काढायचा. ही एक गंमतच होती. दुसऱ्या कुणाच्या होडीला असलं भोक नव्हतं. मोरूच्या बापानं ते स्वतः पाडलेलं, मधल्या फळीजवळ, दोन बोटं जातील एवढं, वर चिंधी गुंडाळलेलं लाकडी बूच. साचलेलं पाणी उपसत काय बसायचं, शेतासारखं सोडून द्यावं, असं त्याचं डोकं. गावातले लोक तिला शेतकऱ्याची होडी म्हणायचे आणि टिंगल करायचे. रंगूला मात्र सगळ्या होडीत ते भोक तेवढं कळायचं. पाणी तिरक्या धारेनं बाहेर पडायला लागलं की तिला बापाचं शेत आठवायचं.

नारळीपुनव झाली, होड्या पाण्यात गेल्या. मोरूच्या जोडीला सदा म्हणून एक जण असायचा. दसरा झाला आणि सदा मुंबईला गिरणीत लागला. जाता जाता त्यानं मोरूलाही गळ घातली, म्हणाला चल, दोघांचं काम होईल. होडी तर एकट्याच्यानं चालत नाही. माल भरलेला असताना एकानं सुकाणू आणि शीड बघायचं, दुसऱ्यानं पाणी उपसायचं आणि शीड फिरलं की ह्या बाजूचं त्या बाजूला बसून तोल धरायचा. दुसरा माणूस नसेल तर होडी म्हणजे नुसतं लाकूड.

मोरू तीन दिवस होडीकडे फिरकला नाही. रंगूनं काय ते ओळखलं. गावात मुंबईला गेलेल्यांच्या बायका तिनं बघितल्या होत्या. नवरा शिमग्याला यायचा, गणपतीला यायचा, बाकीचं वर्ष सासूचं तोंड. चौथ्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "मी बसंन होडीत."

सासू आवडाबाई चुलीपुढे होती. तिनं मागे वळूनही बघितलं नाही.

"वांत्या करशील."

"करीन."

आवडाबाईनं स्वतः नवऱ्याबरोबर वीस वर्षं होडीत काढलेली. तिला सगळं माहीत होतं, म्हणूनच तिचा भरवसा बसेना. शेवटी तिनं ठरवून टाकलं. होळीपर्यंत बघायचं. सुनेला जमलं तर जमलं. नाही जमलं तर होडी विकायची आणि मोरूनं मुंबई धरायची. भित्रं माणूस होडीत असलं की आपण बुडतं आणि दुसऱ्याला बुडवतं, हे तिचं म्हणणं.

त्या दिवसापासून रंगूनं मनाशी गाठ मारली. आपल्याला अजून भीती वाटते हे मोरूला कळता कामा नये. ओकारी आली तर गिळायची. डोळे फिरले तर मिटायचे नाहीत. काही विचारायचंसुद्धा नाही, कारण विचारलं की अडाणीपण बाहेर पडतं. तिची मोठी चूक झाली ती इथेच, पण ते तिला तेव्हा कोण सांगणार?

त्यांचा धंदा साधा. रंगूनं परसात माठ, मुळा, लाल भोपळा, वांगी लावलेली. जमिनीतलं तिला सगळं यायचं, त्यामुळे भाजी अशी यायची की खालाटीतले, किनारपट्टीवरचे लोक वाकून बघायचे. ती भाजी टोपल्यांत भरून एरवी जंजिऱ्याच्या किल्ल्यात न्यायची. तेव्हा किल्ल्यात पुष्कळ घरं होती, नबाबाच्या पदरची माणसं, त्यांची बायकापोरं. आठवड्यातून दोनदा खाडीबाहेरच्या एका खडकाळ बेटावर जायचं. त्याला धड नावही नव्हतं, सगळे नुसतं बेटच म्हणायचे. हिवाळाभर तिथे मासळी सुकवणाऱ्यांच्या झोपड्या पडायच्या. गोडं पाणी नाही, म्हणून माठ भरून पाणी न्यायचं, भाजी न्यायची, आणि येताना सुकी मासळी आणायची.

किल्ल्यात पहिल्यांदा गेली तेव्हा तर तिला वाटलं, संपलं आता. लांबून बघावं तर नुसता काळा तट, दरवाजाच नाही. होडी तटावर आपटायला निघाली असं वाटतं न वाटतं तोच एकदम दरवाजा समोर येतो. पायऱ्या शेवाळलेल्या. लाट होडीला वर उचलते त्या क्षणाला उडी मारायची. एक क्षण उशीर झाला की होडी खाली आणि पाय हवेत. रंगूला मोरूनं "आता" म्हटलं, तिनं मारलीच नाही. दुसऱ्यांदा "आता" म्हटलं, पाय हललाच नाही. तिसऱ्यांदा वरच्या पायरीवरून एका बाईनं खाली वाकून तिचं मनगट धरलं आणि भोपळा ओढावा तसं तिला वर ओढलं.

ती शहरबानू. पन्नाशीची, अंगानं भरलेली, तोंडात सदा पान. तिचा नवरा किल्ल्यातल्या मशिदीची दिवाबत्ती बघायचा. तिनं रंगूला सावलीत बसवलं, पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला, आणि मग हळूच विचारलं की भीती वाटते ना. रंगू नाही म्हणाली. शहरबानू हसली. म्हणाली, मी आगरदांड्याची, लग्न होऊन इथे आले त्याला तीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत हे पाणी ओलांडून मी सात वेळा गेले. सहा वेळा कुणाच्या तरी मयतीला आणि एकदा लग्नाला. लग्नाला गेले ते परत येताना भीतीनं रडत आले.

मग तिनं रंगूला एक गोष्ट सांगितली, आणि ती रंगूनं आयुष्यभर धरून ठेवली.

"पानी बघूस नको बेटी. होडी चालवनाऱ्याचं तोंड बघ. तो घाबरला तर तू घाबर. तो न्हाय घाबरला तर तुझं काम काय?"

तेव्हापासून रंगू होडीत मोरूकडे तोंड करून बसायला लागली. तो पाठीमागे सुकाणू धरून, ती मधल्या फळीवर. त्याचं तोंड म्हणजे काही बघण्यासारखी चीज नव्हती. रुंद, काळं, कपाळावर पोरपणी वल्हं लागल्याची खूण. पण ते कधी हललं नाही. काळ्या पाठीचे मोठे मासे फुसफुस करत होडीच्या बाजूनं उड्या मारत गेले, रंगूनं लगेच तोंड बघितलं. मोरू शेंगा खात होता. एकदा धुकं असं पडलं की आपलाच हात दिसेना आणि कुठूनतरी आगबोटीचा भोंगा घुमला. तिनं तोंड बघितलं, तर धुक्यात तेही दिसेना. तेव्हा मात्र ती रडली. दिसत नव्हतं म्हणून बरं झालं.

आणि एकदा बकरा. शहरबानूच्या नातवाचं जावळ काढायचं होतं, त्या दिवशी त्यांच्यात बकरा कापतात, त्याला अकीका म्हणतात. बकरा दिघीहून न्यायचा होता. बकऱ्यालाही रंगूसारखीच पाण्याची भीती. तो थरथर कापत तिच्या दोन गुडघ्यांत घुसला, आणि तिनं दोन्ही हातांनी त्याची मान आवळली. त्याला आधार की तिला, ते देव जाणे. मोरू बराच वेळ बघत होता.

"दोन बकरी घेऊन चाललोय," तो म्हणाला. "कंचं कापायचं ते शहरबानू खालाला इचारू."

होडीत बसून ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा. पण हसता हसता तिच्या मनात आलं. ह्याला कळलं की काय? होळीला अजून अडीच महिने होते.

माघ लागला. त्या दिवशी उजाडायच्या आत जमिनीकडचा गार वारा धरून ते बेटावर निघाले. आठ माठ पाणी, चार टोपल्या भाजी. माठ हलू नयेत म्हणून प्रत्येकाखाली पेंढ्याची जाड चुंबळ. वारा जरा जोराचा होता, माठ हिंदकळले, होडीत घोट्यावर पाणी आलं. बेटाला लागले तेव्हा ओहोटी होती. होडी वाळूच्या तुकड्यावर टेकली आणि अंगाखालचं पाणी निघून गेलं. मोरू आणि झोपड्यांतले दोन गडी माठ आणि भाजी उचलून बेटाच्या पलीकडे गेले. रिकामे माठ आणि बोंबलांच्या गठड्या घेऊन येतो, तू हितंच ऱ्हा, म्हणून सांगून गेला.

रंगू एकटी राहिली. होडी कोरड्यावर, आत घोटाभर पाणी. तिच्या मनात आलं, तो येईपर्यंत होडी कोरडी करून ठेवावी. उपसायला करवंटी होतीच, पण बूच होतं ना. घरी वाळूवर तो हेच करायचा. तिनं दोन्ही हातांनी पिळून बूच काढलं. तिरकी धार वाळूवर पडली आणि तिला इतकं बरं वाटलं की काय सांगावं. किती महिन्यांनी तिला स्वतःहून काही तरी आलं होतं. बूच तिनं खाली एका दगडावर ठेवलं, आणि रिकाम्या टोपल्या धुवायला पाण्याच्या कडेला गेली.

शेतातलं पाणी जिथे असतं तिथेच असतं. हे पाणी तसं नाही. भरती लागली होती. ती टोपल्या धुऊन वळली तर दगड ओला आणि वर काही नाही.

तिनं वाळू चाचपली. खडकांच्या फटींत हात घातला, हाताला शंख लागले, खेकडा चावला, बूच लागलं नाही. पाणी होडीच्या बुडाजवळ येत होतं. पलीकडून माणसांचा आवाजही यायला लागला. आणि तिच्या डोळ्यांपुढे समुद्र आला नाही, मोरू आला नाही, आवडाबाई आली. चुलीपुढे बसलेली, मागे वळून न बघणारी.

मग तिच्या हातांनी जे जन्मभर केलं होतं तेच केलं. एका चुंबळीचा पेंढा उसकटला, पिळून त्याचा बोळा केला, खडकाच्या खाचेतला काळा चिकट गाळ ओंजळीनं आणला, आणि बांधाचं तोंड बुजवतात तसं ते भोक तिनं बुजवलं. आधी पेंढा, मग चिखल, परत पेंढा, परत चिखल. वर टाच मारून मारून घट्ट केलं. येसाजीनं बघितलं असतं तर शाब्बास म्हणाला असता. हाताला दगडासारखं लागत होतं.

मोरू आला, बरोबर केसर आली. केसर झोपड्यांतली मोठी बाई, तिला सगळ्यांच्या घरचं माहीत. तिनं कोरडी ठणठणीत होडी बघितली आणि मोरूला म्हणाली की तुझ्या आयशीला सांग, सून तयार झाली, आता होळीची वाट कशाला बघते. मोरूचं तोंड फुललं. रंगूनं तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं, पण त्याचं ते फुललेलं तोंड बघून तिनं परत मिटलं.

दुपार कलली. समुद्राकडचा वारा सुटला, शीड भरलं, होडी घराकडे निघाली. रिकामे माठ, बोंबलांच्या दोन गठड्या, आणि मधल्या फळीवर रंगू. तिचे डोळे पहिल्यांदाच मोरूच्या तोंडावर नव्हते. ते पायाजवळ होते.

अर्धी वाट होईपर्यंत चिखल राहिला. मग त्याच्या कडेनं पाणी काळं व्हायला लागलं. पातळ काळी रेघ, मग जाड रेघ. बांधाला पाणी टेकून उभं असतं. हे पाणी खालून धक्के देत होतं, जाताना ओढत होतं. बघता बघता चिखल विरघळला आणि पेंढ्याची एक काडी सुटून होडीतल्या पाण्यावर तरंगायला लागली. मग दुसरी. मग सगळा बोळाच वर आला, आणि त्याच्यामागून दोन बोटं जाड पाण्याचा कोंब.

रंगूनं टाच मारली.

थंड पाणी टाचेला खालून ढुसण्या देत होतं, आत शिरायला बघणारं जनावर असावं तसं. तिनं दुसरा पाय त्या पायावर ठेवून सगळं अंग दाबलं. तरी कडेनं झिरपत होतं. मग तिनं एका हातानं करवंटी घेतली आणि जणू काही सहज उपसतेय असं उपसायला लागली. वाकडी बसून, एका बाजूला, कण्हू नये म्हणून ओठ चावून.

मोरू खूश झाला. म्हणाला की आज न सांगताच उपसतेस, मानलं तुला.  किती लांब आहे ते तिनं डोळ्यांनी मोजलं. किनाऱ्यावरचे माड काडेपेटीतल्या काड्यांएवढे दिसत होते. तिनं ठरवलं, टाच काढायची नाही. किनारा लागेपर्यंत नाही. मग तो उतरला की काय करायचं ते करू.

आणि तसं जमलंही असतं, पण खाडीच्या तोंडाशी खडकांची एक रांग होती. भरतीत ती बुडायची, वर नुसता फेस दिसायचा. त्या फेसाच्या अलीकडे शीड फिरवून होडी वळवायला लागायची, आणि शीड फिरलं की मधल्या माणसानं झटकन दुसऱ्या बाजूला बसायचं. नाही बसलं तर होडी कलंडलीच म्हणून समजा. हे काम रंगूनं पन्नास वेळा केलेलं.

"चल, त्या बाजूला," मोरू म्हणाला.

ती हलली नाही.

"रंगू. त्या अंगाला बस."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या ओठांचा रंग गेलेला बघून त्याला वाटलं, भीतीनं हिचे हातपाय गोठले. तो आवाज मऊ करून म्हणाला की घाबरू नको, नुसतं उठायचं आणि तिकडे बसायचं, मी हाय ना. तो जितका मऊ बोलायला लागला तितकी ती टाच आणखी दाबायला लागली. फेसाचा आवाज आता ऐकू येत होता. उठली तर खालून समुद्र आत येणार. नाही उठली तर बाजूनं येणार. आणि ह्यातलं काहीच त्या माणसाला माहीत नाही. तो आपल्या बायकोच्या भीतीला थोपटत बसलाय.

हे मात्र तिला सोसेना. बुडायचंच तर त्याला माहीत असताना बुडावं.

"बूच न्हाय," ती म्हणाली. "बेटावर काढलं, वाहून गेलं. मी चिखल भरला व्हता. आता टाच हाय."

मोरू तिच्या पायाकडे बघत राहिला. आणि रंगूनं बघितलं, ते रुंद काळं तोंड हललं. गालाचं मांस खाली आलं, डोळे मोठे झाले, कपाळावरची जुनी खूण पांढरी पडली. शहरबानूनं सांगितलं होतं, तो घाबरला तर तू घाबर. आता तिची पाळी होती. पण तिची भीती महिनोन् महिने तिथेच उभी होती, तिला आणखी कुठे जायचं?

मोरूनं शिव्या दिल्या नाहीत. शीडाची दोरी सोडली, शीड फडफडत खाली आलं, होडी होती तिथे डुलायला लागली. पण पाण्याची ओढ खडकांकडेच होती. तो म्हणाला, "टाच काढू नको. मी सांगीन तवा काढ." आणि होडीत काही सापडतंय का बघायला लागला. चिंधी आहे तर लाकूड नाही, लाकूड आहे तर बसेल असं नाही. त्यानं डोक्याचं मुंडासं सोडलं. ते नुसतं कोंबलं तर पाणी ते वर फेकणार.

"बोंबील," रंगू म्हणाली.

त्याला समजेना.

"बोंबील गुंडाळा त्यात. चार-पाच. सुकं हाय तवर आत जाईल, भिजलं की फुगंल."

मोरूनं गठडी फाडली. चार-पाच सुके बोंबील घेतले, पीळ घातला, मुंडाशाच्या टोकात आवळून गच्च बांधले. तो गुडघ्यावर बसला. "काढ" म्हटल्यावर तिनं टाच काढली, पाणी वीतभर उसळलं, त्यानं तो बोळा भोकात रोवला आणि वल्ह्याच्या बुडानं ठोकला. तीन ठोके. पाणी थांबलं नाही, पण धार मोडली. आणखी दोन ठोके मारले. मग नुसतं पाझरायला लागलं.

पुढचं रंगूला नीट आठवायचं नाही. तो वल्ही मारत होता, पाठ मोडेल असा. ती उपसत होती, करवंटी फुटली तर माठाच्या झाकणानं, झाकण पडलं तर माठ फोडून त्याच्या खापरानं. फेस डाव्या हाताला इतका जवळ होता की तोंडावर उडत होता. एक फळी खडकाला घासली, तो आवाज तिच्या दातांत गेला. मग आवाज मागे पडला. मग पाणी सपाट झालं. सूर्य अजून वर होता. होडी दिघीच्या वाळूला लागली तेव्हा बायका नुकत्या जाळी गोळा करायला लागल्या होत्या. कुणालाही काही कळलं नाही.

मोरू उतरला आणि दोन पावलं चालून वाळूवर बसला. दोन्ही हात त्यानं काखेत दाबून धरले. मग म्हणाला की होडी विकायची. शिमग्यापर्यंत थांबायचं नाही. मी मुंबईला जातो, तू आईजवळ राहा, जिवंत तरी राहशील. रंगू लंगडत घराकडे चालायला लागली.

घरी गेल्या गेल्या तिनंच आवडाबाईला सगळं सांगितलं. उंबऱ्यातच उभं राहून, बूच, चिखल, बोंबील, काही राखलं नाही. आवडाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. टाच दाखव म्हणाली. टाच फाटलेली, निळी पडलेली, मध्ये भोकाचा गोल उठलेला. ती बघत असताना मोरू मागून आला.

"चिखलानं होडी बुजवायची न्हाय, ह्ये तू हिला सांगितलं व्हतंस?" आवडाबाईनं त्याला विचारलं.

"चिखलानं कोन होडी बुजवील असं माज्या सपनात तरी येईल का?"

"हिच्या सपनात दुसरं काय येनार मग? हिनं जन्मभर तेच केलंय." मग ती सुनेकडे वळली. "आनि तू. तोंड शिवलं व्हतं का?"

मोरूनं परत मुंबईचं काढलं. आवडाबाईनं होळीची मुदत काढली नाही. ती चुलीवर तेल गरम करायला बसली. बोलली ती रंगू.

"मी भ्याले व्हते," ती म्हणाली. "पहिल्या दिसापासून भ्याले हाय. आज भ्याले, उद्या पन भिनार. ह्ये तुमच्यापासून लपवलं म्हनून आज बुडायची पाळी आली. आता लपवनार न्हाय. पन मला हितं ठेवून तुम्ही मुंबईला गेलात तर मी रोज दारात बसून भिनार. त्यापरीस होडीत बसून भिते. तितं निदान कायतरी उपसता येतं."

 जेवून हात धुतल्यावर मोरू म्हणाला की उद्या माल न्यायचा नाही, पण लवकर ऊठ.

सकाळी दोघं होडीवर गेली. होडी वाळूवर ओढलेली, भोकात फुगलेले बोंबील. नवं बूच मोरूनं पहाटेच तासून ठेवलं होतं. रंगूनं पाय ठेवायच्या आधी नवऱ्याला सांगितलं की आज मी विचारणार, आणि तुम्ही सांगायचं, हसायचं नाही. मग ती होडीच्या टोकापासून सुरू झाली. ही फळी कशाला? ही काढली तर काय होतं? हा खिळा निघाला तर? वारा उलटा आला तर आधी काय सोडायचं? तुम्ही पाण्यात पडलात तर मी काय करायचं? ह्याच्यावर मोरूनं तिला वल्हं धरायला दिलं, आणि कोरड्या वाळूवर बसून दोघं वल्ही मारायला लागली.

जाणारे येणारे थांबून बघायचे. विठोबा म्हणून एक म्हातारा खलाशी होता, त्यानं विचारलं की मोरू, कुठवर पोचलास. मोरू म्हणाला, अजून फळीवरच हाय. उन्हं डोक्यावर आली. आवडाबाईनं भाकरी आणून होडीच्या काठावर ठेवली आणि परत गेली. रंगूचं विचारणं संपेना. दोरी झाली, सुकाणू झालं, डोलकाठी झाली. 

"आनि तुम्ही भिता कवा?"

मोरूनं भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात टाकला, चावून गिळला. किनाऱ्यावर कोण आहे का बघितलं.

"त्या खडकांजवळनं वळताना," तो म्हणाला. "दर खेपेला. बाप तितंच बुडता बुडता राहिला व्हता."

रंगूनं मान हलवली. तिनं पुढे वाकून शीडाच्या खालची एक बारीक दोरी हातात धरली.

"बरं," ती म्हणाली. "आनि ही कशाची?"